दोनच पक्ष पुरतील का?

गटाच्या बैठकीत एकीने विचारलं, "इतके पक्ष कशाला? दोनच असते तर निवड सोपी, सरकारही टिकेल." प्रश्न चांगला होता, म्हणून आम्ही इतिहास चाळला.

१९७७ साली आणीबाणीनंतर जनसंघ, संघटना काँग्रेस, भारतीय लोकदल आणि समाजवादी यांचा मिळून जनता पक्ष झाला. काँग्रेस हरली, मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. पण झेंडा एक झाला तरी मनं वेगळीच राहिली. जुलै १९७९मध्ये सरकार पडलं.

त्याआधीची, १९५६ची संयुक्त महाराष्ट्र समिती आठवा. शेकाप, प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेड्युल्ड कास्ट फेडरेशन हे पक्ष आपापलं वेगळेपण ठेवून एका मागणीसाठी एकत्र लढले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं.

आपल्या गटात दहा जणी, अडचणीही दहा. कुणाला पाणी हवं, कुणाला रेशन, कुणाला जमिनीवर नाव. दोघींनीच बोलायचं ठरवलं, तर बाकीच्या आठ जणींचं कोण ऐकणार? म्हणून आम्हाला वाटतं, पक्ष कितीही असोत, गरजेला एकत्र येता आलं पाहिजे. मत मागायला कुणीही आलं, तरी आधी आपला प्रश्न विचारू या.