वजनदार सायकलस्वारांसाठी चाक कोणते?

वजन उतरविण्यासाठी सायकल घ्यावी आणि त्याच वजनाने तिचे चाक मोडावे, हा अनुभव शंभर किलोंच्या घरातील स्वारांना नवा नाही. शर्यतीच्या धाटणीच्या रोड बाईकच्या मागील चाकाचा आरा तुटतो, रिम डगमगू लागते, दोष स्वाराच्या देहयष्टीवर ढकलला जातो आणि सायकल जिन्याखाली जाते. वस्तुतः दोष बहुधा चाकाच्या निवडीत व बांधणीत असतो.

याचा पुरावा खान्देशात घरोघरी परिचित आहे. दुधाचे कॅन लटकवून शहरात येणारी आडव्या दांड्याची काळी सायकल स्वारासह दीडशे किलोंचा भार सहज वाहते. ब्रिटिश घडणीच्या या सायकलीत पुढे ३२ व मागे ४० आरे असतात. भार मागे अधिक, म्हणून आरेही मागे अधिक, असा सरळ हिशेब. आजच्या अनेक रोड बाईकच्या चाकांत मात्र २० ते २४ आरेच आढळतात. हलकेपणा व वाऱ्याचा कमी विरोध हे त्याचे लाभ; पण ते शर्यतीत मोलाचे, फिरण्यात नव्हेत.

आरा एकाएकी तुटत नाही. चाकाचा जो भाग जमिनीला टेकतो, तेथील आऱ्यांचा ताण क्षणभर कमी होतो आणि चाक पुढे सरकताच पूर्ववत होतो. जळगाव ते धुळे हे सुमारे ९० किलोमीटरचे अंतर कापताना प्रत्येक आरा हा हेलकावा चाळीस हजारांहून अधिक वेळा सोसतो. आऱ्यांची संख्या कमी असेल, किंवा ते सैल वा असमान ताणलेले असतील, तर हेलकावा मोठा होतो आणि हबजवळच्या वाकणाशी धातू थकतो. मागील चाकात गिअरच्या बाजूचे आरे अधिक, तर विरुद्ध बाजूचे कमी ताणलेले असतात. त्यामुळे प्रथम तेथेच पाहावे. अमेरिकी अभियंता जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ मधील 'द बायसिकल व्हील' या ग्रंथात हे सविस्तर मांडले आहे.

तेव्हा ९० किलोंहून अधिक वजनाच्या स्वाराने मागील चाकास ३२ आरे मागावेत; ११० च्या पुढे ३६ उत्तम. पुढे २८ ते ३२ पुरतात. मध्यभागी किंचित बारीक केलेले पोलादी आरे जाड आऱ्यांहून दुबळे वाटतात, पण ते लवचिक असल्याने वाकणावरील ताण हलका करतात. निपल पितळेचे असावेत. कंपनीने दिलेली भारमर्यादा वाचताना सायकल व सामानाचे वजनही त्यात धरले आहे का, हे तपासावे. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून परतणाऱ्यांनी रिमवर दाबणारा ब्रेक असल्यास कार्बनची रिम टाळावी. उतारावर सतत ब्रेक दाबल्याने ती तापते. अॅल्युमिनियमची रिम किंवा डिस्क ब्रेक अधिक सुरक्षित.

टायरकडे दुर्लक्ष ही सर्वांत महागडी काटकसर. राष्ट्रीय महामार्ग ५३ (पूर्वीचा ६) सोडून आत वळले की काळ्या मातीवरील डांबर जागोजागी खचलेले आढळते. २३ मिलिमीटरच्या टायरमध्ये खड्ड्याचा धक्का थेट रिमला बसतो. फ्रेममध्ये जागा असल्यास ३२, अन्यथा २८ मिलिमीटरचा टायर घ्यावा. शंभर किलोंच्या स्वाराला ३२ च्या टायरमध्ये मागे साधारण ७० ते ८० पौंड हवा पुरते. टायर व रिमवरील मर्यादा मात्र ओलांडू नये.

नवे चाक शंभर-दोनशे किलोमीटर चालल्यावर आउट काढून घेणे आवश्यक आहे. केवळ आउट काढून भागत नाही. एका बाजूच्या सर्व आऱ्यांचा ताण सारखा करून घ्यावा. बोटाने छेडल्यास ते जवळपास एकाच सुरात वाजले पाहिजेत. हे काम शोरूमपेक्षा जुन्या पेठेतील मुरलेला कारागीर अनेकदा चांगले करतो.

लांबच्या फेरीला निघताना चार सुटे आरे बाळगावेत. पुढील चाकाचे, मागील डाव्या आणि मागील उजव्या बाजूचे आरे लांबीने भिन्न असू शकतात, हे खरेदीवेळीच विचारावे. टायरचेही तसेच. एरंडोल वा पारोळ्याच्या दुकानात २८ इंची म्हणून मिळणारा साध्या सायकलीचा टायर ६३५ मिलिमीटर व्यासाचा असतो. रोड बाईकची रिम ६२२ ची असल्याने तो तिच्यावर बसत नाही.