ज्वारीच्या भाकरीचा मागोवा

ज्वारीची भाकरी इथल्या मातीइतकीच जुनी आहे, असं आपण धरून चालतो. पण ज्वारी मूळची आफ्रिकेची. पूर्व सुदानात पाच हजार वर्षांपूर्वी लोक ती पिकवत होते; इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात ती भारतात पोहोचली. त्या सुमारास शिरूरजवळच्या इनामगावात घोडनदीकाठी राहणाऱ्यांचं मुख्य धान्य जव होतं, असं डेक्कन कॉलेजच्या उत्खननात दिसलं.

नुसत्या दाण्याने भाकरी होत नाही, त्याला बारीक पीठ लागतं. इनामगावकर पाट्यावर धान्य भरडत. गोल फिरणारं जातं दख्खनमध्ये आलं ते बऱ्याच उशिरा, सातवाहनांच्या आसपास; नेवाशाला सापडलेल्या अशा जात्यांबद्दल ह. धी. सांकलियांनी १९५९ साली लिहून ठेवलं आहे. आजच्यासारखी पातळ भाकरी जात्यानंतरचीच असावी, असं मला वाटतं.

खरी करामत मात्र हाताची आहे. गव्हाचं पीठ ताणलं जातं, कारण त्यात ग्लूटेन असतं. ज्वारीत ते नाही. म्हणून पिठात कढत पाणी घालायचं, त्यातलं पिष्ट चिकट होऊ द्यायचं आणि तळहाताच्या टाचेने रगडून मळायचं. मग परातीत कोरडं पीठ भुरभुरून थापायचं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि शेवटी आरावर उभी धरून फुगवायची. पापुद्रा सुटला की जमली. एवढं कसब कुठल्या पोथीत नव्हतं. बायकांनी ते एकमेकींना शिकवलं आणि टिकवलं. त्याची नोंद इतिहासाने फारशी घेतली नाही, याची मला खंत वाटते.

पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. त्यामुळे दळण नेहमी ताजं हवं. पहाटेचं दळण आणि जात्यावरच्या ओव्या यांच्यामागे ही गरजही होती. पुढे गिरणी आली आणि ते कष्ट सरले, ते बरंच झालं.

१९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. उत्पन्न वाढलं, पण खरिपातला दाणा पावसात भिजला की काळा पडे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळाली. त्या भाकरीची आठवण सांगणारी माणसं आजही गावोगाव भेटतात. मग स्वस्त गहू घरोघरी पोहोचला, चपाती प्रतिष्ठेची झाली आणि भाकरीला गरिबीचा शिक्का बसला. तो अन्याय होता. आज शहरात ज्वारी कित्येकदा गव्हापेक्षा महाग मिळते.

संकरित वाणांच्या लाटेतही रब्बीची मालदांडी टिकली. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेलं हे वाण. काळ्या जमिनीतल्या ओलीवर ते येतं, आणि त्याची भाकरी पांढरी, गोडसर होते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी शेतकरी ती पेरतो ते केवळ दाण्यासाठी नव्हे. दावणीला जनावर आहे आणि उन्हाळ्यात त्याला कडबा लागतो. ज्या घरातली जनावरं गेली, तिथे ज्वारीच्या रानात आता ऊस किंवा हरभरा दिसतो आणि भाकरीची ज्वारी बाजारातून येते.