ठिबकच्या नळीतला कार्बन

बारामतीहून इंदापूरकडे निघालात की रस्त्याच्या कडेला ऊस दिसतो आणि उसाच्या बुडाशी काळ्या नळ्या. ठिबकचं लॅटरल. ही नळी एलएलडीपीईची, म्हणजे पॉलिथिलीनच. मल्चिंग पेपरही त्याच भावकीतला.

आता गंमत बघा. पॉलिथिलीनच्या वजनात जवळपास ८६% नुसता कार्बन असतो. विमानांचं, रेसिंग सायकलींचं कार्बन फायबर बहुतेक ज्या 'पॅन' नावाच्या महागड्या धाग्यापासून बनतं, त्यात ६८%. मग पॅन कशाला?

कारण पॉलिथिलीन वितळतं. १८७९ मध्ये एडिसनने बल्बसाठी कापसाचा दोरा भाजून कार्बनची तार केली. कापसाचा कोळसा होतो, पण दोरा दोराच राहतो. पॉलिथिलीनचा धागा मात्र १३० अंशांच्या आसपासच पातळ होतो. १९६० च्या सुमारास जपानमध्ये अकिओ शिंदोंनी पॅन घेतलं. ते आधी हवेत २००-३०० अंशांवर शेकलं की त्याच्या साखळ्या एकमेकींत जखडतात आणि पुढे वितळत नाहीत. अख्खी इंडस्ट्री त्याच वाटेने गेली.

पॉलिथिलीनचा नाद मात्र कुणी सोडला नाही. १९७० च्या दशकात जपानमध्येच यावर काम झालं. १९९० मध्ये नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन विद्यापीठात पेनिंग्ज यांच्या टीमने तर चक्क एलएलडीपीईचाच धागा घेतला, आपल्या लॅटरलच्याच जातीचा! तो क्लोरोसल्फोनिक अ‍ॅसिडमध्ये बुडवला. अ‍ॅसिडमुळे साखळ्या जखडल्या, मग नायट्रोजनमध्ये भाजला. फायबर झालं, पण ताकद पॅनवाल्या फायबरच्या साधारण एक तृतीयांश. २०१२ मध्ये अमेरिकेच्या ओक रिज लॅबमध्ये अमित नासकर आणि सहकाऱ्यांनी पोकळ, दातेरी चाकासारखे असे हव्या त्या आकाराचे धागे काढून दाखवले.

आमच्या भाषेत सांगायचं तर डेमो चालला, प्रॉडक्शनला गेलं नाही. जहाल अ‍ॅसिड सांभाळा, भाजताना निघणारा सल्फर डायऑक्साइड आवरा, आणि शेवटी हाती कमी ताकदीचा माल.

'जुन्या ठिबकपासून विमान' असा फॉरवर्ड आला, तर एवढं आठवा. कार्बन फायबरचा एक धागा साधारण ७ मायक्रॉनचा. जुन्या लॅटरलमध्ये माती, खतांचे क्षार, शेवाळ. वाळूचा एक कणही तेवढ्या धाग्याला तोडायला पुरे. त्यामुळे ती नळी सध्या भंगारवाल्याकडेच जाते, तिचे दाणे होतात आणि दाण्यांची पुन्हा काळी पाइप.