खडा गेल्यानंतरचीं पंचेचाळीस वर्षें

मुतखड्याची कळ ज्यानें एकदां सोसली, तो ती वैऱ्याच्याही वाट्यास येऊं नये असेंच म्हणतो. परंतु खडा काढून टाकल्यावर मनुष्य खरोखरच पूर्ववत् होतो काय, आणि परत मिळालेल्या आयुष्याचें तो काय करतो, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. या प्रश्नाचें उत्तर स्वतःच्या हातानें लिहून ठेवणारा एक गृहस्थ सतराव्या शतकांत इंग्लंडांत होऊन गेला. त्याचें नांव सॅम्युअल पीप्स.

पीप्स १६३३ सालीं लंडनमध्यें एका शिंप्याच्या घरीं जन्मला. खड्याची व्यथा त्यास लहानपणापासूनच जडलेली होती. त्याच्या आईलाही ती होती. केंब्रिज येथें शिकत असतां एका उन्हाळ्याच्या दिवशीं पायपीट करून तो झऱ्याचें पाणी भरपूर प्याला, आणि तेव्हांच खडा मूत्रपिंडांतून मूत्राशयांत उतरला, अशी त्याची समजूत होती. पुढें विवाह झाला, माँटेग्यू या वजनदार आप्ताच्या पदरीं लहानशी चाकरीही मिळाली. पण दुखणें असह्य होत गेलें. अखेर पंचविसाव्या वर्षीं त्यानें शस्त्र लावून घेण्याचा निश्चय केला.

हा निश्चय किती कठीण होता हें आज ध्यानांत येणें अवघड आहे. ईथर देऊन बेशुद्ध करण्याचा जाहीर प्रयोग १८४६ सालीं झाला, आणि लिस्टरची जंतुनाशक पद्धति १८६७ सालीं प्रसिद्ध झाली. पीप्सच्या काळीं रोग्यास मेजाशीं बांधून टाकीत, धट्टींकट्टीं माणसें त्यास दाबून धरीत, आणि शस्त्रवैद्य गुह्यभागानजीक चीर पाडून मूत्राशयांतील खडा ओढून काढी. वैद्याचा हात जितका चपळ, तितकी यातना थोडी. आपल्याकडे सुश्रुतानें अश्मरीच्या शस्त्रकर्माचें वर्णन कित्येक शतकें आधींच केलेलें आहे. शस्त्र न लावावें तर मरण निश्चित, लावावें तर गुण येईलच असा भरंवसा नाहीं. म्हणून राजाची अनुमति घेऊन मगच हें कर्म करावें, असें तो बजावतो. गंगेचा कांठ असो कीं थेम्सचा, रोग्यापुढील पेंच एकच होता.

२६ मार्च १६५८ रोजीं, जेन टर्नर या नात्यांतील बहिणीच्या घरीं, टॉमस हॉलिअर या शस्त्रवैद्यानें पीप्सच्या मूत्राशयांतून त्या काळच्या टेनिसच्या चेंडूएवढा खडा काढला. महिना-सव्वा महिन्यांत जखम भरून येऊन रोगी हिंडूं-फिरूं लागला.

'गरज सरो, वैद्य मरो' ही जगाची रीत. पीप्सनें ती पाळली नाहीं. हॉलिअर पुढेंही त्याचा वैद्य राहिला. आणि ज्या घरीं प्राण वांचले त्या घरच्या मंडळींस दर वर्षीं २६ मार्च रोजीं भोजनास बोलवावयाचें, असा पीप्सनें नेम केला. १६६० सालीं त्या दिवशीं तो माँटेग्यूबरोबर जहाजावर होता. मेजवानी शक्य नव्हती, तरी नेमाची आठवण त्यानें रोजनिशींत लिहिली. १६६४ च्या ऑगस्टांत तर तो खडा ठेवण्यासाठीं त्यानें खास पेटी करावयास सांगितली. तिची किंमत पंचवीस शिलिंग!

जीव वांचला, परंतु देह पूर्वीचा राहिला नाहीं. १ जानेवारी १६६० रोजीं सुरू झालेल्या त्याच्या प्रसिद्ध रोजनिशीचें पहिलेंच वाक्य प्रकृतीविषयीं आहे. देवाची कृपा आहे, जुन्या दुखण्याचा मागमूस नाहीं. मात्र थंडी बाधली कीं तें डोकें वर काढतें, असा त्याचा आशय. पाय गारठले, वारा लागला, कीं हा मनुष्य धास्तावे. त्यास मूल झालें नाहीं. शस्त्रकर्मांत झालेली इजा हें त्याचें कारण असावें, असा चरित्रकारांचा तर्क आहे. आयुष्याच्या अखेरीस तर जुनी जखम पुन्हां उकलली.

आणि तरीही या भित्र्या, जपून वागणाऱ्या मनुष्यानें केवढीं कामें केलीं! १६६० सालीं तो आरमाराच्या कचेरींत शिरला व १६७३ सालीं आरमार खात्याचा चिटणीस झाला. १६६५ च्या प्लेगांत त्यानें काम सोडलें नाहीं. १६६६ च्या भयंकर आगीची वार्ता त्यानें स्वतः राजाच्या कानीं घातली. रॉयल सोसायटीचा तो अध्यक्ष झाला, आणि न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर परवानगी देणारा म्हणून त्याचें नांव छापलें गेलें.

त्याचें सुख त्यानें एकट्यापुरतें ठेवलें नाहीं. १६६९ सालीं मित्र जॉन ईव्हलिन याचा भाऊ रिचर्ड खड्यानें तळमळत होता. पीप्स आपला खडा घेऊन त्याच्याकडे गेला व तो दाखवून, 'हें सोसूनही मनुष्य जगतो' असा धीर देऊं लागला. पण धीर कोणास उसना देतां येत नाहीं. रिचर्ड शस्त्रक्रियेवांचूनच १६७० सालीं वारला.

२६ मे १७०३ रोजीं पीप्सचा अंत झाला. शव उघडून पाहतां डाव्या मूत्रपिंडांत सात खडे सांपडले. वजन साडेचार औंस, म्हणजे सुमारें अकरा तोळे. मूत्रपिंडापर्यंत त्या काळच्या शस्त्रवैद्याचा हात पोंचत नव्हता. धडधाकट मूत्रपिंड उघडून खडा काढण्याची क्रिया हेन्री मॉरिसनें १८८० सालीं केली, आणि शरीरास चीर न पाडतां लहरींच्या आघातानें खडा फोडण्याची युक्ति १९८० सालीं म्यूनिच येथें प्रथम योजिली गेली.

हॉलिअरनें एक खडा काढला. व्याधीचें मूळ कांहीं त्याला काढतां आलें नाहीं. मग ती शस्त्रक्रिया फसली म्हणावयाची काय? पीप्सला विचारलें असतें तर त्यानें वाद घातला नसता. त्यानें पंचवीस शिलिंगांची ती पेटी पुढें केली असती, आणि येत्या २६ मार्चला भोजनास येण्याचें आमंत्रण दिलें असतें.