वासराचा खोकला आणि मुंबईचे दूध

मरोळहून मरोशीकडे जाणारा रस्ता आरे दुग्धवसाहतीच्या हद्दीत शिरतो. या वसाहतीचा इतिहास सामान्यतः दुधाच्या अंगाने सांगितला जातो. मुंबई शहरातील कोंदट तबेल्यांतून म्हशी हलविण्यासाठी 1949 साली तिची स्थापना झाली; 1287 हेक्टर जमिनीवर बत्तीस तबेले उभे राहिले आणि सुमारे सोळा हजार जनावरांची सोय झाली. या कार्याचे प्रवर्तक दारा खुरोडी यांना 1963 साली त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांच्यासमवेत मॅगसेसे पारितोषिक लाभले. या सर्व वृत्तान्तात म्हैस आहे, गवळी आहे, बाटली आहे. रेडकू मात्र क्वचितच दिसते. प्रस्तुत टिपण त्या रेडकाविषयी, किंबहुना त्याच्या फुफ्फुसाविषयी आहे.

शहरी तबेल्याचे अर्थकारण वासराच्या मुळावर उठणारेच होते. मालक दुभती म्हैस दूरदेशाहून विकत आणी, एक वेत दूध काढी आणि ती भाकड होताच बहुधा कसायाकडे धाडी. अशा व्यवहारात रेडकाचा उपयोग पान्हा सुटण्यापुरता. त्याने प्यालेले प्रत्येक शेर दूध हे विक्रीतून गेलेले दूध होय. रेडकू मेले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवीत, आणि तेवढ्यावर पान्हा सुटे. ज्याच्या जागी पेंढ्याने काम भागते, त्याच्या खोकल्याची नोंद कोण ठेवणार?

येथे एका शब्दाचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. व्यालेल्या जनावराच्या पहिल्या घट्ट दुधाला मराठीत ‘चीक’ म्हणतात. रुईच्या किंवा वडाच्या पानातून निघणाऱ्या चिकट रसालाही तोच शब्द आहे. संस्कृतात यालाच ‘पीयूष’ अशी संज्ञा असून अमरकोशाने नव्या दुधाचा हा अर्थ नोंदविला आहे. पीयूष म्हणजे अमृतही. हल्ली उपाहारगृहात पीयूष मागितले असता श्रीखंडाचे गोड पेय पुढे येते, आणि चीक गुळावेलचीत उकडून खरवस होतो. खरवस मलाही आवडतो, हे कबूल केले पाहिजे. परंतु तो कोणाच्या वाट्याचा आहे, याचे उत्तर शास्त्राने 1922 सालीच दिले आहे.

त्या वर्षी अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिटल यांनी नवजात वासरांचे दोन गट केले. एकास चीक मिळाला, दुसऱ्यास नाही. चिकाविना राहिलेल्यांपैकी बहुतेक वासरे दगावली. मातेच्या दुधातून रोगप्रतिकाराचे द्रव्य संततीस मिळते, हे पाउल एर्लिख यांनी उंदरांवर 1892 मध्ये दाखविले होते. वासराच्या बाबतीत मात्र ही गोष्ट जीवनमरणाची ठरते. गाईम्हशीच्या वारेची रचनाच अशी आहे की मातेच्या रक्तातील प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. वासरू जवळजवळ निःशस्त्र जन्मास येते. त्याच्या आतड्यास चिकातील प्रतिपिंडे अखंड शोषून घेण्याची क्षमता असते, पण ती सुमारे चोवीस तासांतच संपते. पहिल्या काही तासांत वजनाच्या दशांशाइतका चीक पोटात गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक आतड्यात थोडेफार काम करील. रक्तात त्यातील जवळजवळ काहीच उतरत नाही.

या उणिवेचा फायदा घेणारे जंतू बाहेरून यावे लागत नाहीत. ‘पाश्चुरेला’ कुळातील जंतू आणि 1999 पासून ‘मॅनहायमिया’ म्हणून वेगळे ओळखले जाणारे त्यांचे भाऊबंद निरोगी जनावराच्या नाकाघशात वसतात. दाटी, दमट हवा, मूत्रातून उठणारा अमोनिया, लांबचा प्रवास किंवा एखादा विषाणू यांनी श्वासमार्गाचा बंदोबस्त ढिला पडला की ते फुफ्फुसात उतरतात. पुढचा प्रकार विलक्षण आहे. रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात. मॅनहायमियाचे विष त्यांनाच फोडते. आणि त्यांच्यातून सांडलेली पाचक द्रव्ये फुफ्फुसाचे ऊतक जाळतात. म्हणजे हानीचा मोठा वाटा संरक्षक सैन्याकडूनच होतो. गाईम्हशींचे फुफ्फुस शरीराच्या मानाने लहान व लहान लहान खंडांत विभागलेले असल्याने बंद पडलेल्या खंडास शेजारून हवा मिळत नाही. मेलेल्या भागाभोवती तंतूंची भिंत उभी राहते. आत जंतू जिवंत, बाहेर प्रतिपिंडे व औषध. हाच जीर्ण फुफ्फुसदाह. वासरू मरत नाही. खोकते, खुरटते, आणि मालकाच्या लेखी ‘लागत नाही’ एवढेच ठरते.

आपल्या पशुवैद्यकाच्या इतिहासाने या रोगाकडे उशिरा पाहिले, याचे कारणही समजण्यासारखे आहे. हॅलन यांच्या आयोगाने 1871 मध्ये अहवाल दिला तो गुरांच्या साथींवर. पुण्यात 1889 मध्ये निघालेली व 1893 मध्ये मुक्तेश्वरला हललेली जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा मुख्यतः साथींच्याच रोगांसाठी झटली. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय 1886 चे. बुळकांडी कळपच्या कळप नेई. घटसर्प पावसाळ्यात रात्रीतून बैल पाडी. जीर्ण खोकल्याने एकेक रेडकू जाई, आणि त्याची हाकाटी होत नसे.

बुळकांडीपासून भारत 2006 मध्ये व जग 2011 मध्ये मुक्त झाले. फुफ्फुसदाहाच्या बाबतीत तशी घोषणा संभवत नाही, कारण त्याचे जंतू निरोगी नाकातच राहतात. लशीलाही अडचण आहे: चिकातून आलेली प्रतिपिंडे असेतो ती पुरेशी लागत नाही, आणि ती ओसरत असताना वासराची स्वतःची प्रतिपिंडे अद्याप अपुरी असतात. सुमारे महिना-दोन महिन्यांच्या वयातील ही फट किती खोल असेल, हे पहिल्या दिवशी चीक वासराच्या पोटात गेला की खरवसाच्या भांड्यात, यावर बरेचसे ठरते.