मुलाला ‘कळतं’ म्हणजे नेमकं किती कळतं?

वसईत किंवा मुंबईत एखाद्या चर्चबाहेर पांढऱ्या झग्यातल्या मुली आणि टाय लावलेले मुलगे रांगेत दिसले, की समजायचं, आज पहिलं कम्युनियन आहे. म्हणजे प्रथम ख्रिस्तप्रसाद. मिस्सामध्ये जी भाकर, ती पातळ पांढरी चकती, प्रभू येशूचं शरीर म्हणून दिली जाते, ती या मुलांना आज पहिल्यांदा मिळणार. त्याआधी धर्मशिक्षणाचे वर्ग, प्रार्थनांचं पाठांतर, पहिलं पापनिवेदन, सगळं झालेलं असतं. मुलं असतात आठ-नऊ वर्षांची.

आठ-नऊच का? आजचा भाग याच प्रश्नावर.

सुरुवात करू उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजपासून. इ.स. २५१ च्या सुमारास तिथले बिशप सिप्रियन एक प्रसंग लिहून ठेवतात. रोमन सम्राटाने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला होता. एका तान्ह्या मुलीचे आईबाप पळाले, मूल दाईकडे राहिलं. दाईने तिला अधिकाऱ्यांसमोर नेलं आणि तिथे तिला मूर्तीपुढच्या नैवेद्यातली, द्राक्षारसात भिजवलेली भाकर भरवली गेली. पुढे आईने, काहीच माहीत नसताना, मुलीला उपासनेला नेलं. डीकनने प्याला पुढे केला, तर मुलीने तोंड फिरवलं, ओठ घट्ट मिटले. त्याने बळेच पाजलं आणि तिला उलटी झाली. सिप्रियन यांना यात देवाचा इशारा दिसतो. आपल्याला मात्र वेगळंच दिसतं: ज्या मुलीला अजून बोलताही येत नव्हतं, तिला प्याला देण्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही!

पूर्वेकडच्या चर्चेसनी ही रीत सोडलीच नाही. ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळाला चमच्याने ख्रिस्तप्रसाद देतात. इतकं लांब कशाला, आपल्या केरळमधल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरांतही बाळांना तो मिळतो. तिथे ‘याला समजतं का?’ असं कुणी विचारत नाही. बाळाला जेवण समजतं म्हणून का आपण भरवतो?

मग रोमच्या बाजूला काय बिनसलं? गंमत अशी, की मुलांना बाहेर काढायचं असं ठरवून काही झालं नाही. बाळाला चकती गिळता येत नाही, ती तोंडातून पडेल, आणि ते तर प्रभूचं शरीर. म्हणून बाराव्या शतकात बाळांना फक्त द्राक्षारस देत. धर्मगुरू बोट बुडवून ते बाळाच्या तोंडात घालत. त्याच सुमारास सांडण्याच्या भीतीने सामान्य लोकांचा प्यालाच हळूहळू बंद होत गेला. मोठ्यांकडे निदान भाकर उरली. बाळांना मिळत होता तो फक्त प्याला, आणि तोच गेला!

१२१५ मध्ये चौथ्या लॅटरन परिषदेने नियम केला: समजूतीच्या वयात आलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं आणि निदान ईस्टरला ख्रिस्तप्रसाद घ्यावा. समजूतीचं वय म्हणजे किती, ते मात्र लिहिलं नाही. पुढची सातशे वर्षं त्या रिकाम्या जागेत जो तो आपापला आकडा भरत राहिला. १५६२ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने सांगितलं, की अजाण बाळांना ख्रिस्तप्रसाद घेणं आवश्यक नाही. पण पूर्वी देत होते ते चुकले, असंही म्हणू नये.

नंतर आकडा वाढतच गेला. कुठे दहा, कुठे बारा, कुठे चौदा. प्रश्नोत्तरं तोंडपाठ हवीत, आणि लायकीही सिद्ध व्हायला हवी. बक्षीस असावं तसं. फ्रान्समधली संत तेरेजा, आपल्याकडे जिला ‘लिटल फ्लॉवर’ म्हणतात, तिचा जन्म २ जानेवारी १८७३ चा. शाळाप्रवेशाच्या तारखेत अडकलेल्या मुलांच्या पालकांना पुढचं सांगायला नको. दोन दिवसांनी वर्ष हुकलं आणि थांबावं लागलं. तिला पहिलं कम्युनियन मिळालं ८ मे १८८४ रोजी, अकरा वर्षं पूर्ण झाल्यावर. घरात इतकी भक्ती, मुलगी इतकी आतुर, तरी.

हे बदललं पोप दहावे पायस यांच्या काळात. ८ ऑगस्ट १९१० चा तो आदेश, नाव ‘क्वाम सिंग्युलारी’. वय ठरलं साधारण सात, थोडं अलीकडे-पलीकडे. आणि किती कळायला हवं? संपूर्ण धर्मज्ञान नको. श्रद्धेतल्या मुख्य गोष्टी आपल्या कुवतीप्रमाणे कळाव्यात, आणि ही भाकर घरातल्या रोजच्या भाकरीसारखी नाही, एवढा फरक मुलाला ओळखता यावा. बाकीचं पुढे हळूहळू शिकेल. मूल तयार आहे का, हे ठरवण्याची जबाबदारी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंवर आणि वडिलांवर, किंवा वडिलांच्या जागी असणाऱ्यांवर टाकली.

मला या आदेशातली ही भाकरीची कसोटी फार आवडते. सात वर्षांच्या पोराला ती खरंच जमते. घरात देवापुढचा प्रसाद आणि डब्यातला लाडू यांतला फरक आपली पोरं त्याच्याही आधी ओळखतात. कुणी परीक्षा घेतलेली नसते.

सगळीकडे टाळ्या पडल्या असं मात्र नाही. फ्रान्समध्ये बाराव्या वर्षीचं कम्युनियन म्हणजे बालपण संपल्याचा गावसोहळा होता: नवे कपडे, पंगत, पाहुणे. तो कोण सोडणार? मग तिथे दोन कम्युनियन सुरू झाली. सातव्या वर्षी एक साधं, घरगुती. आणि बाराव्या वर्षी पुन्हा एक, थाटामाटाचं, पाहुण्यांसाठी.