श्लेष्मनलिका की ज्ञानेंद्रिय? : पार्श्वरेषेच्या शोधाचा इतिहास

माशाच्या कल्ल्यापासून शेपटीपर्यंत बारीक छिद्रांची जी ओळ दिसते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. ती पाण्याची हालचाल जाणणारे इंद्रिय आहे, हे उमगण्यास सुमारे दोन शतके लागली. या विलंबाचे एक कारण नामकरणात सापडते.

निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने सन १६६४ मध्ये या छिद्रांचे वर्णन केले. माशाच्या अंगावरील बुळबुळीत स्राव याच छिद्रांतून पाझरतो, असा समज पुढे रूढ झाला व त्यांखालील नलिकांना 'श्लेष्मनलिका' हे नाव चिकटले. नावानेच कार्य सांगून टाकल्यावर ते तपासण्याची निकड उरली नाही. सन १८५० मध्ये फ्रांत्स लायडिग याने त्या नलिकांत ज्ञानेंद्रिये असल्याचे दाखविले. तथापि जुने नाव टिकून राहिले.

निर्णायक पुरावा प्रौढ माशाने नव्हे, तर डिंभाने दिला. प्रौढावस्थेत ही इंद्रिये बहुतांशी नलिकांत दडलेली असतात. डिंभावस्थेत नलिका बनलेल्या नसल्याने ती त्वचेवर उघडी असतात. फ्रांत्स आयल्हार्ड शुल्त्से याने ती जिवंत डिंभांत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यांवरील नाजूक केस पाण्याच्या हालचालीने उद्दीपित होत असावेत, असे त्याने पुढे प्रतिपादिले. त्याच्या १८६१ च्या निबंधाच्या शीर्षकात 'तथाकथित श्लेष्मनलिका' असा प्रयोग आहे. त्या एका विशेषणात जुन्या कल्पनेविषयीचा संशय नोंदला गेला आहे.

ही इंद्रिये शरीरभर पसरतात कशी? रॉस हॅरिसन याने १९०४ च्या सुमारास गडद रंगाच्या बेडूकभ्रूणाचा पूर्वार्ध फिकट भ्रूणाच्या उत्तरार्धास जोडला. तेव्हा डोक्याकडील गडद पेशींचा पुंज शेपटीकडे सरकताना स्पष्ट दिसला. झेब्रामाशाच्या पारदर्शक भ्रूणात हाच प्रवास दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस पुरा होतो. वाटेत तो पुंज इंद्रियांची बीजे मागे ठेवीत जातो.

या इंद्रियांतील केशपेशी मानवी अंतर्कर्णातील केशपेशींशी सदृश आहेत. निओमायसिनसारख्या औषधाने त्या दोन्हीकडे नष्ट होतात. मात्र डिंभात त्या पुन्हा उगवतात, मनुष्याच्या श्रवणेंद्रियात उगवत नाहीत. म्हणूनच बहिरेपणाच्या संशोधनात या डिंभास मोलाचे स्थान आहे. 'श्लेष्मनलिका' हे नाव प्रमाण मानून पाहणे थांबले असते, तर हा मार्ग खुला झाला नसता. रूढ संज्ञा पुरावा ठरत नाही, हाच या इतिहासाचा बोध होय.